घरच्या तव्यावर गरमागरम खिमा-चीज सँडविच, पहिल्यांदाच करणाऱ्यांसाठी

मोबाईलवर तो अमेरिकेतला व्हिडिओ बहुतेकांनी पाहिलाच असेल. भल्ला मोठा तवा, त्यावर खिमा चरचरून राहिला, वरून चीज टाकलं, ते वितळून चारही बाजूनं ओघळून राहिलं, मंग ते सगळं उचलून पावात भरलं आणि मधातून कापलं की तार निघते. घरातले पोट्टे हे पाहतात आणि मंग मागं लागतात. करायला हरकत काहीच नाही, ओव्हन लागत नाही, ग्रिल लागत नाही, एक कढई, दोन लोखंडी तवे आणि गॅस किंवा चूल असली की खेड्यातही आरामात जमते. फक्त तो व्हिडिओ जसाच्या तसा केला तर आपल्याकडे बिघडते, कारण त्यांचं मांस वेगळं, पाव वेगळा, चीज वेगळं, आणि मे महिन्यात त्यांच्या घरात आपल्यासारखे ४५ डिग्री नसतात.

आधीच सांगून देतो, या सँडविचमध्ये बिघडवणारं एकच आहे, ते म्हणजे पाणी. खिम्याला सुटलेलं पाणी, टमाटरचं पाणी, झाकणाखाली साचलेली वाफ. मसाला कमीजास्त झाला तरी सँडविच खाल्लं जाते, पण पाव खालून भिजला की तो हातातच लोंबते आणि अर्धा खिमा ताटात. म्हणून खाली जिथं जिथं मी थांबा म्हटलं तिथं खरंच थांबा, बाकी ठिकाणी तुमच्या मनानं केलं तरी चालते.

मटन कोणतं घ्यायचं

तिकडे अमेरिकेत हे बीफचं करतात. दुकानात खिम्याचं पाकीट मिळते, त्यावर ८०/२० असं लिहिलेलं असते, म्हणजे ८० टक्के मांस आणि २० टक्के चरबी, आणि चरबी ३० टक्क्यांच्या वर गेली तर त्यांच्या नियमात ते ग्राउंड बीफ म्हणून विकताच येत नाही. टमाटरच्या आंबटगोड सॉसमध्ये शिजवलेला सुटा खिमा गोल बनमध्ये भरला की त्याला स्लॉपी जो म्हणतात, आणि खिम्याची चपटी टिक्की, परतलेला कांदा आणि चीज ब्रेडमध्ये ठेवून तव्यावर शेकलं की तो पॅटी मेल्ट. आपण करणार ते या दोघांच्या मधातलं आहे, खिमा सुटा राहील पण सँडविच दाबून शेकायचं. महाराष्ट्रात गायीची कत्तल १९७६ च्या कायद्यातच बंद केली होती, २०१५ मध्ये बैल आणि वळूही त्यात आले, तर इथं आपल्याले बोकडाचा खिमा घ्यायचा, नाहीतर कोंबडीचा.

बोकडाची चव सगळ्यात चांगली, पण बीफचा हिशोब त्याला लावू नका. एक तर त्यात चरबी कमी असते, नुसत्या रानाच्या (मांडीच्या) मटनाचा खिमा केला तर तो शिजल्यावर भुसभुशीत लागते, घशाखाली उतरत नाही. दुसरं म्हणजे त्याचा रेषा कडक, बीफचा खिमा आठ-दहा मिनिटांत होऊन जाते, बोकडाच्या खिम्याला झाकून वीस-पंचवीस मिनिटं तरी पाहिजे. आणि बोकडाची चरबी लवकर गोठते, सँडविच थंड झालं की टाळूला पांढरा थर चिकटते, त्यामुळे हे गरम असतानाच खायचं, पाहुणे यायच्या आधी करून ठेवायची वस्तू नाही ही.

कोंबडीचा खिमा स्वस्त पडते, दहा मिनिटांत शिजते, नवीन माणसाला सोपा. पण पाणी त्याला जास्त सुटते. बॉयलर कोंबडीचं छातीचं आणि तंगडीचं अर्धं-अर्धं घ्या, नुसत्या छातीचा केला तर कोरडा होते. गावरान कोंबडीचा खिमा करायच्या भानगडीत पडू नका, ती रश्शासाठीच ठेवा. घरात कोणी श्रावण पाळत असेल तर त्याच्यासाठी सोयाबीनचा चुरा मिळते, गरम पाण्यात दहा मिनिटं भिजवा आणि मुठीत घेऊन पूर्ण ताकदीनं पिळा, मंग त्यालाच कांदा-टमाटरच्या मसाल्यात परता, बाकी सगळं सारखंच. बस, सोयाबीनबद्दल याच्यापेक्षा जास्त मी बोलत नाही, त्याचा भाव आठवला की डोकं गरम होते.

खाटकाच्या दुकानात

दुकानात जाऊन नुसतं "अर्धा किलो खिमा द्या" म्हणू नका. तसं म्हटलं की बहुतेक ठिकाणी बाजूला पडलेले उरलेसुरले तुकडे मशीनमध्ये जातात. असं सांगा: "भाऊ, खांद्याचं आणि रानाचं मिळून अर्धा किलो काढा, त्यात पन्नासेक ग्रॅम चरबी राहू द्या, अन् माह्यासमोर खिमा करा, एकदाच काढजा, बारीक नको." खांद्याच्या मटनाला चव असते, रानाच्या मटनानं वजन भरते. दोनदा मशीनमधून काढलेला खिमा लगद्यासारखा होते आणि त्याला पाणी लय सुटते. सत्तूरनं लाकडावर हातानं केलेला खिमा मिळत असेल तर तो कधीही चांगला, दाणा मोठा राहते आणि दाताखाली मटन आहे हे कळते. पण पोळ्याच्या करीच्या (दुसऱ्या) दिवशी किंवा आखाडात रविवारी त्याच्या दुकानासमोर लाईन लागली असताना हे मागाल तर तो तुमच्याकडे पाहणारही नाही, सकाळी लवकर जा.

समोरच खिमा करून घ्या म्हणतो त्याला कारण आहे. सबंध तुकड्यावर जे जंतू असतात ते वरच्यावर असतात, वरून चांगलं शेकलं की मरतात. खिमा केला की वरचं सगळं आतमध्ये मिसळते. म्हणून खिमा कधीच अर्धाकच्चा, आतून गुलाबी ठेवायचा नाही, व्हिडिओत काहीही दाखवू द्या. मापाचं म्हणाल तर आतपर्यंत ७१ डिग्री सेल्सिअस, कोंबडीला ७४. थर्मामीटर आपल्या घरात फक्त तापाचा असते, तो काढू नका, आपण जितका वेळ शिजवणार आहो त्यात हे आपोआप होते.

धुण्याचं काय? आपल्याकडे मटन न धुता शिजवलं तर घरातले मोठे लोक जेवणारच नाहीत, हे मला माहीत आहे. पण खिमा धुतला की तो स्पंजासारखं पाणी धरून ठेवते आणि पुढं काहीही केलं तरी भाजल्या जात नाही, नुसता उकडते. आणि धुतल्यानं जंतू मरत नाहीत, उलट ओट्यावर आणि बाजूच्या भांड्यांवर उडतात. तोडगा असा की खिमा करायच्या आधी सबंध तुकडेच दुकानात धुवून स्वच्छ कपड्यानं पुसून घ्या, मंग मशीनमध्ये टाकायला लावा. सगळ्यांचं समाधान होते.

आता उन्हाचं. खिमा ३२ डिग्रीच्या वर एक तासापेक्षा जास्त बाहेर राहू नये आणि आपल्याकडे मार्चपासून जूनपर्यंत दुपारी सावलीतही ३२ च्या वरच असते. तालुक्याच्या बाजारातून गाडीवर आणत असाल तर मटन सगळ्यात शेवटी घ्या, आधी भाजी, किराणा, खत, काय असेल ते. घरून स्टीलचा डबा न्या, मासेवाल्याकडे किंवा कोल्ड्रिंकच्या दुकानात बर्फ मिळते, तो पिशवीत टाकून डबा त्यात ठेवा. डिक्कीत नुसती काळी पन्नी कोंबून रस्त्यात पानठेल्यावर गप्पा हाणत बसाल तर ते मटन घरी आणूच नका. फ्रीजचंही तसंच, लाईट चार-पाच तास जाते अशा दिवशी कच्चा खिमा फ्रीजमध्ये ठेवून त्याच्या भरवशावर राहू नका, आणला की शिजवून टाका.

चीज

नवीन माणूस इथंच गोंधळते. दुकानात फ्रीजमध्ये चार प्रकार दिसतात आणि सगळ्यावर चीज लिहिलेलं.

साधं प्रोसेस्ड चीज, ज्याचे क्यूब, ब्लॉक आणि स्लाईस येतात, ते या कामाला सगळ्यात भरवशाचं. त्यात सायट्रेट किंवा फॉस्फेटचे क्षार टाकलेले असतात, ते चरबी आणि प्रथिनं वेगळे होऊ देत नाहीत, त्यामुळे तव्यावर ते तेल न सोडता मऊ होऊन पसरते. ही युक्ती १९११ मध्ये स्वित्झर्लंडच्या वॉल्टर गर्बर आणि फ्रिट्झ स्टेटलर यांनी काढली, चीज गरम देशात पाठवताना टिकलं पाहिजे म्हणून. त्याचा फायदा आज आपल्या चंद्रपूर-अकोल्याच्या उन्हाला होऊन राहिला. मोझरेला वेगळं, त्याची तार लांब निघते पण चवीला फिक्कं आणि थंड झालं की रबर. तार पाहिजेच असेल तर तीन भाग प्रोसेस्ड आणि एक भाग मोझरेला मिसळा, नुसतं मोझरेला टाकू नका. चीज स्प्रेड डब्यातलं असते ते आधीच पातळ आहे, ते पाव भिजवते, त्याला नाही म्हणा. आणि पनीर वितळत नाही हे लिहायची गरज नव्हती पण दरवेळी कोणीतरी विचारतेच, दूध आंबट टाकून फाडल्यावर जे होते ते तव्यावर लाल होईल पण वितळणार नाही.

पाकीट घेताना मागची बाजू वाचा. स्वस्तातल्या पाकिटावर बारीक अक्षरात "अ‍ॅनालॉग" असं काही लिहिलेलं असेल आणि सामानात पाम तेल दिसलं तर ते दुधाचं चीज नव्हे. हॉटेलवाले वापरतात, वितळतेही, पण तोंडात मेण राहिल्यासारखं होते. दोन पैसे जास्त द्या.

अमूलच्या २०० ग्रॅमच्या डब्यात २५ ग्रॅमचे ८ क्यूब येतात, एका सँडविचला एक क्यूब धरा, मापाला सोपं. स्लाईसपेक्षा किसलेलं चीज चांगलं, कारण ते खिम्याच्या दाण्यांमध्ये शिरते. किसायच्या आधी पंधरा मिनिटं फ्रीजरमध्ये ठेवा आणि किसणीला तेलाचं बोट फिरवा, नाहीतर उन्हाळ्यात सगळं किसणीलाच चिकटून बसते. प्रोसेस्ड चीज खारट असते, म्हणून खिम्यात मीठ नेहमीपेक्षा कमी टाकायचं, हे विसरलं तर मंग काही उपाय नाही.

पाव

लादी पाव, गोल बन किंवा साधा कापलेला ब्रेड, तिन्ही चालतात. माझं मत विचाराल तर कालचा लादी पाव. आजचा ताजा पाव इतका मऊ असते की दाबला की चपटा होऊन लगदा, कालचा थोडा सुकलेला असते म्हणून चांगला शेकल्या जाते. आपल्या गावात बेकरीची गाडी एक दिवसाआड येते, त्यामुळे कालचा पाव मिळण्याची अडचण नाही, अडचण असलीच तर आजचा मिळण्याची. पावसाळ्यात मात्र पावावर हिरवा-काळा ठिपका दिसला तर तेवढाच भाग तोडून बाकीचा वापरू नका, बुरशीच्या तारा आतपर्यंत गेलेल्या असतात, पूर्ण पाव फेका. गुरांनाही टाकू नका.

गोडसर बन घेऊ नका, चहासोबतचा तो.

बाकी सामान

अर्धा किलो खिम्यात सहा-सात सँडविच होतात. त्याला तीन मध्यम कांदे, दोन टमाटर, आठ-दहा पाकळ्या लसूण, बोटाच्या एका पेराएवढं अद्रक, तीन-चार हिरव्या मिरच्या, एक चमचा तिखट, अर्धा चमचा हळद, एक चमचा धने पूड, पाऊण चमचा मीठ (नंतर चव पाहून), दोन मोठे चमचे टमाटर सॉस, अर्धं लिंबू, मूठभर सांबार (म्हणजे कोथिंबीर), दोन-तीन मोठे चमचे तेल, आणि पावाला लावायला लोणी किंवा तूप. खायचा सोडा घरात असेल तर तो काढून ठेवा, लागणार आहे.

सावजी मसाल्याबद्दल. विदर्भातल्या माणसाचा हात आपोआप त्या डब्याकडे जाते. मी टाकत नाही. सावजीचा काळा मसाला रश्शात, तर्रीत, भाकरीसोबत पाहिजे, त्यातली खसखस, दगडफूल, मिरे हे सगळं उलगडायला पातळपणा लागते. कोरड्या खिम्यात चीजसोबत टाकला की चीजची चव पूर्ण मरते आणि नुसता जाळ राहते. टाकायचाच असेल तर अर्धा चमचा, त्याच्या वर नाही. गरम मसाला तर चिमूटभरच.

आता कढई चढवा

पहिलं, खिमा चाळणीत घालून खाली ताट ठेवा आणि अर्धा तास निथळू द्या, उन्हाळा असेल तर फ्रीजमध्ये. खाली जे लाल पाणी जमते ते फेकून द्या.

दुसरं, सोडा. पाव चमचा खायचा सोडा एका मोठ्या चमचाभर पाण्यात विरघळवून खिम्यावर शिंपडा, हलक्या हातानं मिसळा, पंधरा मिनिटं ठेवा. सोड्यानं मांसाचे धागे शिजताना कमी आकसतात, त्यामुळे पाणी बाहेर पिळून निघत नाही, आतच राहते, आणि खिमा लालही लवकर होते. पाव चमचाच, छोटा चहाचा चमचा, जास्त झाला तर साबणाची चव येते.

तिसरं, कढई चांगली कडक तापवा, धूर दिसायच्या बेताला येऊ द्या, एक मोठा चमचा तेल टाका आणि अर्धाच खिमा टाका. पूर्ण एकदम टाकला की कढई थंड पडते आणि खिमा स्वतःच्या पाण्यात उकडत बसते. सराट्यानं (उलथन्यानं) पसरवून दाबा आणि मंग हात बांधून उभे राहा, तीन-चार मिनिटं हलवायचं नाही. आपल्याला सवय आहे सारखं ढवळायची, इथं ती सवय मारते. खालून तपकिरी खरपूस थर येऊ द्या, चव सगळी तिथं आहे. मंग उलटा, फोडा, आणखी दोन मिनिटं, काढून ठेवा, आणि उरलेला खिमा तसाच करा.

कान ठेवून ऐका. पाणी असते तोवर कढईतून बुदबुद आवाज येते, पाणी संपलं आणि नुसती चरबी राहिली की आवाज बदलते, चरचर-चरचर, बारीक आणि कोरडा. तो आवाज आला म्हणजे झालं. डोळ्यापेक्षा कान इथं जास्त कामाचा.

चौथं, त्याच कढईत बाकीचं तेल, बारीक चिरलेला कांदा. खाली चिकटलेलं तपकिरी जे असेल ते कांद्याच्या ओलाव्यानं सुटते, खरवडून घ्या, धुवून टाकू नका. कांदा चांगला लाल झाला की लसूण-अद्रक-मिरची ठेचून टाका, वरवंट्यानं ठेचलेलं असेल तर उत्तम. मंग हळद, तिखट, धने पूड, आणि लगेच टमाटर. टमाटर बारीक चिरा आणि बिया-पाणी आधीच काढून टाका, हिवाळ्यातले गावरान टमाटर तर अर्धे पाणीच असतात. तेल बाजूला सुटेपर्यंत शिजवा. यात घाई केली तर कच्च्या टमाटरचं पाणी नंतर पावात उतरते.

पाचवं, भाजलेला खिमा परत टाका, मीठ टाका. बोकडाचा असेल तर अर्धी वाटी गरम पाणी टाकून, झाकण ठेवून, मंद आचेवर वीस-पंचवीस मिनिटं. हो, मीच पाणी पाणी करून राहिलो होतो आणि आता मीच टाकायला सांगतो, पण बोकडाचा रेषा नुसत्या भाजण्यानं मऊ होत नाही, त्याला ओलावा आणि वेळ लागते. कुकर वापरला तर खिमा परतून दोन-तीन शिट्ट्या पुरे. कोंबडीचा असेल तर पाणी टाकायचंच नाही, झाकणही नाही, सात-आठ मिनिटं परतला की झालं. दाणा बोटात दाबून पाहा, सहज फुटला पाहिजे.

सहावं, झाकण काढून आच मोठी करा आणि सगळं पाणी आटवा. टमाटर सॉस टाका, दोन मिनिटं परता. आता परीक्षा: सराट्यानं कढईच्या मधातून एक रेघ ओढा. त्या रेघेत पाणी वाहून आलं तर अजून आटवा, रेघ कोरडी राहिली आणि नुसतं थोडं तेल चमकलं तर गॅस बंद. लिंबू पिळा, सांबार टाका. दहा मिनिटं उघडंच ठेवा म्हणजे वाफ निघून जाईल. पूर्ण थंड करू नका, कोमट खिम्यावरच चीज लवकर वितळते.

भरणं आणि शेकणं

पाव मधातून कापा आणि आधी आतली बाजू तव्यावर शेकून घ्या, थोडं लोणी लावून, सोनेरी होईपर्यंत. हे पाऊल लोक गाळतात. शेकलेला आतला थर खिम्याचं तेल अडवते, न शेकलेला पाव ते पिऊन घेते.

मंग भरायचं कसं: खाली थोडं किसलेलं चीज, त्यावर दोन मोठे चमचे खिमा, वर पुन्हा चीज, वर पाव. चीज दोन्हीकडून पाहिजे. तेच खिम्याला पावाशी धरून ठेवते, शिवाय खालचा पाव ओला होत नाही. नुसतं वरून टाकलं तर पहिल्याच घासाला खिमा खाली गळते. कडेला बोटभर जागा सोडा, काठापर्यंत भरलं की दाबल्यावर चीज तव्यावर जाऊन जळते. अति भरू नका, पोट्टे भरायला बसले की तीन-तीन चमचे टाकतात.

कच्चा कांदा, काकडी, टमाटरच्या चकत्या आत घालू नका, बाजूला द्या. कारण तुम्हाला आता माहीत आहे.

शेकताना दोन तवे घ्या. एक खाली मंद आचेवर. दुसरा बाजूच्या शेगडीवर रिकामाच चांगला तापवून घ्या. खालच्या तव्यावर लोणी-तूप, त्यावर सँडविच, आणि वर तो गरम तवा बुडाच्या बाजूनं ठेवा (बूड आधी नीट पुसा, चुलीची काजळी असेल तर पावाला काळा शिक्का बसते). वरून-खालून दोन्हीकडून उष्णता मिळते, दाबही बसते, आणि वाफ कडेनं निघून जाते. झाकणानं नेमकं हेच होत नाही, झाकणाखाली वाफ साचून पाव ओला होते. वरचा तवा हलका असेल तर त्यावर पाण्यानं भरलेला तांब्या ठेवा. तीन मिनिटं, पलटवा, अजून दोन-तीन मिनिटं. आच मंदच. मोठ्या आचेवर पाव दोन मिनिटांत काळा आणि आत चीज तसंच्या तसं, नवीन माणसाचं पहिलं सँडविच बहुतेक असंच असते.

गॅसवर धरायचा तो दोन झाकणांचा सँडविच टोस्टर घरात असेल तर त्यातही मस्त होते, फक्त ब्रेडचं करा, पाव त्यात बसत नाही.

एकच तवा असेल तर पर्याय असा: एका बाजूनं शेका, पलटवा, एक मिनिट झाकण ठेवून चीज वितळू द्या, मंग झाकण काढून दोन मिनिटं उघडं शेका म्हणजे धरलेली वाफ उडून पाव परत कुरकुरीत होते.

चुलीवर करणाऱ्यांसाठी वेगळं सांगतो. पऱ्हाट्या आणि तुराट्या (कपाशीच्या आणि तुरीच्या वाळलेल्या काड्या) भडभड पेटतात आणि तितक्याच लवकर विझतात, त्यावर खिमा भाजायचं काम उत्तम, कढईला कडक जाळच पाहिजे. पण सँडविच शेकायला त्या कामाच्या नाहीत, वरची ज्वाळ तव्याच्या कडेनं येऊन पाव जाळते. त्याला बाभळीचं लाकूड लावा, ते जळून निखारे झाले की ज्वाळ पूर्ण बसू द्या, निखारे सारखे पसरवा आणि मंग तवा ठेवा. बाभळीचा निखारा टिकते, सगळे सँडविच एकाच आचेत निघतात. वरचा तवा तापवायची गरज नाही, त्यावर चिमट्यानं चार निखारे ठेवून द्या. गॅसपेक्षा चांगलं होते, फक्त राख उडणार नाही हे पाहा.

तव्यावरून काढलं की एक मिनिट थांबूनच कापा, लगेच सुरी लावली तर चीज सगळं बाहेर वाहून येते. ताटात थेट ठेवू नका, खाली वाफ धरते, चाळणीवर किंवा जाळीवर ठेवा. सोबत लिंबू, कांदा, आणि तळलेली मिरची. टमाटर सॉस ज्याला पाहिजे त्याला.

उरलं तर

भरलेलं सँडविच ठेवायचं नाही, खाऊन टाकायचं. उरलेला खिमा पसरट भांड्यात काढून लवकर गार करा, गंजात (खोल पातेल्यात) तसाच झाकून ठेवला तर आत तासन् तास कोमट राहते आणि तिथंच खराब होते. फ्रीज चालू राहत असेल तर तीन-चार दिवस टिकते, वापरताना पूर्ण वाफ येईपर्यंत गरम करा, आणि एका वेळी लागेल तेवढाच काढा, सगळा खिमा दरवेळी काढ-घाल करू नका. शेतात डबा न्यायचा असेल तर खिमा वेगळा, पाव वेगळा, आणि चीज घरीच ठेवा, बांधावर पोहोचेपर्यंत त्याचं तूप झालेलं असते. आणि खिमा न्यायचाच असेल तर सकाळच्या न्याहारीलाच खाऊन टाका, दुपारपर्यंत ठेवू नका.

पाव संपला आणि खिमा उरला तर ज्वारीची भाकर करा. टम्म फुगलेली गरम भाकर कडेनं सुरीनं उघडा, पापुद्रा उचलून आत खिमा आणि किसलेलं चीज सारा, पापुद्रा बसवा आणि तव्यावर दोन्हीकडून दोन-दोन मिनिटं. भाकर पावासारखी भिजत नाही, म्हणून इथं खिमा थोडा ओलसर राहिला तरी चालते, आणि पापुद्रा पातळ असेल तर चीज वरूनच दिसते. आमच्या घरी म्हाताऱ्या माणसांना पावाचं आवडलं नाही, हे मात्र दुसऱ्यांदा मागून घेतात. भाकर ताजीच पाहिजे, शिळ्या भाकरीचा पापुद्रा निघत नाही, तुटते.